टवका पडलेला ठसा

१४ एप्रिल १९३७

आज नवी वही सुरू केली. ही तिसरी. मार्कोने आणून दिली, म्हणाला, "ओमेल्यानकाका, पहिल्या वहीत तुम्ही हवामान लिहिलंत, दुसरीत पारास्कामावशीच्या तक्रारी. आता तिसरीत काय?"

मी म्हटलं, "जे होईल ते."

"तेच लिहा. पण खोटं नको."

हे तो मला चौदा वर्षं सांगतो आहे. तो या गावच्या संग्रहालयाचा प्रमुख होऊन आला तेव्हा मी पंचावन्नाचा होतो आणि मला सहीसुद्धा येत नव्हती. जन्म चांदीकामात गेला, पण नव्या राज्यात चांदी घडवून घेणार कोण? मी चहाच्या समोवारांना डाक लावत फिरत होतो. मार्कोने मला संग्रहालयात राखणीला आणि शेगड्या पेटवायला ठेवलं आणि संध्याकाळी अक्षर शिकवलं. त्याचं अक्षर समोर ठेवून मी गिरवायचो, म्हणून माझं अक्षर हुबेहूब त्याच्यासारखं आहे. नोंदवहीत कुठलं पान त्याचं आणि कुठलं माझं, हे आता आम्हालाही सांगता येत नाही.

नोंदवहीबद्दल त्याचा दुसरा नियम. संग्रहालयात जे येईल त्याला त्याच दिवशी क्रमांक घालायचा. ज्याला क्रमांक आहे ते हरवत नाही.

आज शहरातून पत्र आलं. नोव्हेंबरात क्रांतीला वीस वर्षं होतात, मोठं प्रदर्शन आहे आणि त्यात आमचा चांदीचा ठेवा हवा आहे. मात्र काचपेटीतली चिठ्ठी बदलून हवी. आत्ताच्या चिठ्ठीवर मार्कोच्या अक्षरात आहे: "चांदीचा ठेवा, सहावं किंवा सातवं शतक. कोणत्या लोकांचा, हे निश्चित नाही."

पत्रात म्हटलं आहे, निश्चित करा.

२१ एप्रिल

मार्को जेवत नाही. शेजारच्या गावच्या संग्रहालयाच्या प्रमुखाला गेल्या आठवड्यात पोलीस घेऊन गेले. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं, खाली 'शत्रू' असा शब्द.

मी विचारलं, "त्याने काय चोरलं?"

"काही नाही. एका मडक्याला गॉथ लोकांचं म्हणाला."

"मग?"

"गॉथ म्हणजे जर्मन, काका. ठेवा गॉथांचा म्हटलं तर मी फॅसिस्ट. फक्त आपल्या युक्रेनी पूर्वजांचा म्हटलं तर राष्ट्रवादी. ग्रीकांकडून आला म्हटलं तर आपल्या लोकांना कमी लेखणारा. तीन खुर्च्या आहेत, तिन्हींखाली निखारे."

"मग उभा राहा," मी म्हटलं.

तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "उभा आहे म्हणूनच पत्र आलंय. 'निश्चित नाही' हीसुद्धा आता खुर्चीच झाली."

९ मे

आज कबरींचा रविवार, ईस्टरनंतर आपल्या गेलेल्या माणसांकडे जायचा. चर्चला चार वर्षं कुलूप आहे, पण कबरींना कुलूप नाही. बायकोने, पारास्काने, मध घालून गहू शिजवले. आमची मुलगी मोत्र्या त्या वर्षी गेली, जेव्हा गावात धान्य नव्हतं. त्या वर्षाबद्दल कुणी बोलत नाही, मीही इथे जास्त लिहीत नाही. पारास्काच्या लग्नातले डूल मी स्वतः घडवले होते, ते सरकारी दुकानात देऊन आम्ही पीठ आणलं. पीठ आलं, पण मोत्र्याला उशीर झाला होता. पारास्काच्या कानांची भोकं अजून तशीच आहेत.

मार्को आमच्याबरोबर आला होता. त्याला स्वतःचं कुणी नाही, रविवारी आमच्याकडेच जेवतो. गेलेल्या माणसाच्या नावाने प्रत्येकाने तीन चमचे गहू खायचे, अशी रीत. त्याने खाल्ले, डोळे मिटून.

मग बोलणं ठेव्यावर गेलं. हल्ली दुसरं बोलणंच नाही. मार्को म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा, चांदी कुणाची?"

पारास्का भांडी आवरत होती. "तुम्ही पुरुष म्हणजे धन्य. तीन वर्षं झाली गावातल्या थेक्लाने ते चांदीचं मडकं बीटाच्या रानातून उकरून आणून दिलं त्याला. तीन वर्षं कुणाची, कुणाची. कुणाच्या बापाची का असेना! पुरणारी बाई होती एवढं मला कळतं."

"कशावरून?"

"नीट फडक्यात गुंडाळून, मोठं खाली, बारीक वर. बाप्या असता तर कोंबली असती. ती परत घ्यायला येणार होती. का आली नाही, हे विचारा की कुणीतरी."

मार्कोने तिला भांडी उचलून दिली. नंतर म्हणाला, "हे चिठ्ठीवर लिहायला हवं."

"लिही. मग मलाही घेऊन जातील, निदान तुझ्या स्वयंपाकातून सुटेन."

२५ मे

आज माझ्या हातून मोठं काम झालं. 

प्रदर्शनासाठी चांदी पुसायला काढली होती. तीन छोटी माणसं आहेत, हात कमरेवर, शर्टाच्या छातीवर भरतकामाचा चौकोन. दोन घोडे, मान मागे वळवलेले. स्वाराच्या पट्ट्याची चार टोकं. बायकांच्या खांद्याला लावायच्या दोन रुंद पिना. आणि अर्धा कापलेला एक पेला, त्यावर ग्रीक अक्षरं. पंडित लोक म्हणतात, घोडे भटक्यांचे, पिना नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या, पेला ग्रीकांचा, म्हणून ठेवा म्हणजे लुटीची खिचडी.

मी भिंग लावून घोड्याचा डोळा पुसत होतो. डोळा गोल ठशाने उमटवलाय. त्या गोलाच्या डाव्या काठाला एक बारीक टवका. ठसा कधीतरी ऐरणीवर पडला असेल, धार तुटली असेल आणि सोनार आळशी किंवा गरीब, त्याने तो बदलला नाही. माझ्याकडेही असा एक होता.

मग मी माणसाचा शर्ट बघितला. भरतकामाच्या प्रत्येक गोलाला डावीकडे तोच टवका. पीन बघितली. तोच. पट्ट्याचं टोक, तोच. फक्त पेल्यावर नाही.

म्हणजे पेला हा कच्चा माल. तो कापून, मुशीत वितळवून एकाच हाताने हे सगळं घडवलंय.

मी असा ओरडलो की मार्को वरून धावत आला. त्याला दाखवलं. तो भिंगातून बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, मी नाही का पोलिश बाईला क्रूस दिला, ज्यू घरात मेणबत्त्यांचं शमादान दिलं, आपल्या पोरींना डूल दिले? हजार वर्षांनी कुणी माझा गाळा उकरला तर म्हणेल, इथे तीन जमाती राहत होत्या. आणि होता एकटा ओमेल्यान! सोनार गिऱ्हाइकाचा असतो बाबा. समोर बसेल त्याचा."

त्याने मला मिठी मारली. मग काहीतरी आठवून तो वर गेला आणि दोन पत्रं घेऊन आला. बुडापेस्टच्या एका प्राध्यापकांची, पस्तीस सालची. तेव्हा अशी पत्रं लिहिता येत होती. एका पत्रात फोटो होता, तिकडे तिसा नदीकाठी सापडलेल्या पट्ट्याच्या टोकाचा. आम्ही खिडकीशी नेऊन बघितला.

डावीकडे टवका.

तोच माणूस! ऐरण खांद्यावर टाकून इथून तिथवर गेला किंवा तिथून इथे आला. नाव नाही, गाव नाही, पण त्याचा हात मी ओळखला. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (पारास्का ही वही वाचत नाही. तिला वाचता येत नाही.)

मग मार्कोचा चेहरा उतरला. "काका, हे अजून कुणाला बोललात?"

"आत्ता तर सापडलं."

"बोलू नका. आणि ही पत्रं शेगडीत टाका. आजच. मी टाकली असती, पण माझ्याच्याने होत नाही."

"फोटोही?"

"फोटो आधी."

२६ मे

जाळली नाहीत.

शेगडीचं दार उघडून उभा राहिलो. हाताने लिहिलेला कागद मी जन्मात जाळला नाही. ज्याला पंचावन्नाव्या वर्षी अक्षर मिळालं त्याला विचारा. आणि तो फोटो! बाराशे-तेराशे वर्षांनी एका सोनाराला दुसऱ्या सोनाराने ओळखलं, त्याला पुरावा तो एकच.

मार्को घाबरलाय. घाबरलेला माणूस चांगली भांडीही फेकून देतो, मग उन्हाळ्यात पाणी प्यायला ओंजळ. एक दिवस म्हणेल, काका, बरं झालं ठेवलीत.

पत्रं आणि फोटो निळ्या पाकिटात घातले, पाकीट मागच्या कपाटात नाण्यांच्या खणाखाली ठेवलं आणि नोंदवहीत क्रमांक घातला. २११८. "परदेशी पत्रं दोन, छायाचित्र एक."

मार्कोला म्हटलं, झालं काम. हे खोटं झालं. पण वहीत तर खरंच लिहितोय.

११ जुलै

उकाडा. शहरातून प्रदर्शनाच्या तयारीसाठी एक तरुण माणूस आलाय, रोदिओन इल्यिच. स्वच्छ हात, मऊ बोलणं. मार्को गावात नव्हता, म्हणून माझ्याशीच बाकावर बसला. मला वाटलं होतं साहेब असेल, पण त्याला चांदीची खरी ओढ. पत्रा कसा तापवतात, मुलामा पाऱ्याने कसा देतात, सगळं विचारलं. जाताना साखरेची मोठी पुडी ठेवून गेला. म्हणाला, "आजोबा, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत."

घरी पारास्काने पुडी उघडली, वास घेतला आणि परत बांधली.

"काय विचारलं त्यानं?"

"चांदीबद्दल."

"आणि?"

"आणि मार्कोबद्दल. कुठे शिकला, काय वाचतो, कुणाला लिहितो. मी कौतुकच केलं. म्हटलं, आमच्या मार्कोला परदेशचे प्राध्यापक उत्तर देतात."

ती खाली बसली. "म्हाताऱ्या, तुझ्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं. डोक्यातही नाही?"

"अगं, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

"हो, विकलीस. एक पुडी साखरेला."

तिला प्रत्येक माणसात लांडगा दिसतो. साखर अजून कपाटावर बांधलेलीच आहे.

३ सप्टेंबर

रोदिओन इल्यिच आणखी दोनदा येऊन गेला. मार्को असला की चांदीवर बोलत नाही, हवापाण्यावर बोलतो. मार्को नसला की माझ्याशी बसतो. मी मार्कोला साखरेचं सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

१२ ऑक्टोबर

आज मार्कोशी भांडलो.

त्याने चिठ्ठी बदलली. नवीन चिठ्ठीवर: "प्राचीन स्लाव लोकांचा ठेवा." निश्चित नाही वगैरे काही नाही. शिवाय पिना पुढे आणि घोडे मागच्या ओळीत, कापलेला पेला तर पेटीतून काढूनच टाकला.

मी म्हटलं, "तूच मला शिकवलंस, खोटं लिहायचं नाही."

"वहीत, काका. काचपेटीबद्दल नव्हतं म्हटलं."

"आणि तो सोनार? त्याने तेवढा घोडा घडवला, तू त्याला मागे लपवतोस?"

"त्याला मरून तेराशे वर्षं झाली. मला अजून नाही झाली."

मी रागाने शेगडी पेटवायलाच गेलो नाही. दिवसभर तो थंडीत बसला. आता वाईट वाटतं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि बोटं बायकांसारखी गार पडतात त्याची.

पण मला वाटतं, भीतीने तो चुकतोय. शहरातली माणसं काही मूर्ख नाहीत. उद्या कुणी शहाणा आला आणि म्हणाला, हे पट्ट्याचं टोक स्लावांचं नाही, तर तोंडावर कोण पडेल? मार्कोच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. कुणीतरी त्याच्या वतीने खरं बोलायला हवं. आणि या बाबतीत सोनारानेच कान टोचलेले बरे.

१५ ऑक्टोबर

बोललो. मन हलकं झालं.

रोदिओन इल्यिच दुपारी आला. मार्को शाळेत व्याख्यानाला गेला होता. त्याने नवी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "आजोबा, प्रमुखांचं मत अचानक कसं बदललं?"

मी म्हटलं, "बदललं नाही. तुम्हाला घाबरून लिहिलंय. त्याला खरं माहीत आहे, आणि खरं कुणाच्याच विरुद्ध जात नाही. थांबा." मी भिंग दिलं, घोडा दिला, माणूस दिला, टवका दाखवला. तो खरंच चकित झाला. म्हणाला, "पण हा योगायोग असू शकतो. एकाच ठेव्यात एकच ठसा, त्यात काय?"

तेव्हा मी नोंदवही उघडली, २११८ वर बोट ठेवलं आणि निळं पाकीट काढून दिलं.

त्याने पत्रं वाचली, दोन्ही, सावकाश. फोटो मात्र नीट बघितलाच नाही. मी म्हटलं, "डावीकडे बघा, काठाला." तो म्हणाला, "हो, हो." मग म्हणाला, "याला क्रमांकही घातलाय. तारखेसह. व्यवस्थित काम आहे."

"मार्कोची शिकवण," मी म्हटलं.

त्याने पाकीट नेलं. रीतसर पोच दिली, सही करून. मी ती नोंदवहीत चिकटवली.

१९ ऑक्टोबर

आज सकाळी साडेदहाला मार्कोला घेऊन गेले.

क्रमाने लिहितो, नाहीतर जमणार नाही.

दोन माणसं आली आणि मागून रोदिओन इल्यिच. आज त्याने गणवेश घातला होता. मार्को चहा पीत होता. त्यांनी नोंदवही मागितली. मीच आणून दिली, कारण ती नेहमी मीच आणतो. पान उघडून मार्कोसमोर धरलं.

"दोन हजार एकशे अठरा. हेरगिरीचा पत्रव्यवहार, दडवून ठेवलेला. नोंद कुणी केली?"

मार्कोने पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पहिल्या क्षणी त्याला काही कळलं नाही असं वाटलं, आणि मग कळलं. त्याचा चेहरा रागाचा नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. शाळेत पोराने चुकीचं उत्तर अगदी मनापासून दिलं की मास्तर बघतो ना, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "ती नोंद..."

"माझी आहे," मार्को म्हणाला. "अक्षर माझं आहे. या माणसाला धड लिहितासुद्धा येत नाही. शेगड्या पेटवतो तो."

चौदा वर्षं शिकवलं, आणि म्हणाला लिहिता येत नाही.

मी परत तोंड उघडलं. तो जोरात ओरडला, "आजोबा, तुम्ही बाहेर जा!" मला कधी आजोबा म्हणत नाही तो. मी गेलो.

दाराशी थांबून त्याने एवढंच सांगितलं, "शेगडी रोज पेटवा. कागदांना ओल धरते."

पेल्यात अर्धा चहा राहिला होता.

२० ऑक्टोबर

तो घाबरून चुकीचं बोलला असेल. अक्षर सारखं आहे, त्यालाही ओळखता आलं नसेल. मी उद्या जाऊन सांगेन, नोंद माझी.

२१ ऑक्टोबर

पारास्काने दाराला आडवी होऊन जाऊ दिलं नाही. म्हणाली, "तू सांगशील की नोंद तुझी. मग विचारतील, तो खोटं का बोलला? मग त्याचे दोन गुन्हे आणि तुझा एक. तुझ्या नावापुढे आडवा उभा राहिलाय ना तो? मग राहू दे तसंच. निदान एवढं तरी फुकट घालवू नकोस."

नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. साखरेची पुडी तिने मागच्या अंगणात बर्फमिश्रित चिखलात ओतली आणि वर पाय दिला.

५ नोव्हेंबर

चांदी शहरात गेली. मी स्वतः बांधली. प्रत्येक माणसाला वेगळा कापूस, घोड्यांच्या मानेला दोरा लागू नये म्हणून आडवे ठेवले. मोठं खाली, बारीक वर. अर्ध्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की पारास्का म्हणाली होती तशीच बांधतोय.

चिठ्ठीही गेली. खाली मार्कोचं नाव होतं, ते कापून घेतलं होतं.

२ डिसेंबर

सत्तावीस दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही.

मार्को म्हणाला होता, खोटं नको. तर हे घ्या. ती पत्रं मी जाळली असती तर तो आज रविवारी इथे जेवायला असता. मी ती मार्कोसाठी ठेवली असं तेव्हा लिहिलं. ते अर्धं खरं. ठेवली ती माझ्यासाठी. कुणीतरी एक दिवस म्हणावं की हे ओमेल्यानने ओळखलं. मी नाव नसलेल्या सोनाराचं कौतुक करत होतो आणि मला नाव हवं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण माझ्या हाताचं अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी गेलं.

१९ डिसेंबर

आज तिसऱ्यांदा शहरात गेलो. मार्कोला ठेवलंय त्या पांढऱ्या इमारतीच्या मागच्या बाजूला एक खिडकी आहे, तिथे रांग असते. सगळ्या बायका. एकजण म्हणाली, "काका, पुडक्यावर नाव मोठ्या अक्षरात लिहा, त्यांना वाचायला बरं." मी लिहिलं. माझं अक्षर बघून ती म्हणाली, "किती सुंदर! मास्तर होतात का?"

लोकरी मोजे, कांदे, वाळवलेला पाव. पुडकं आत घेतलं. घेतलं म्हणजे तो आहे. पारास्काला सांगितलं तेव्हा ती दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर जेवायला बसली.

शेगडी रोज पेटवतो. संग्रहालयाला नवा प्रमुख आलेला नाही. रिकाम्या काचपेटीसमोर उभा राहतो. तळाच्या कापडावर माणसांच्या पायांचे डाग उठलेत, चांदीचे काळे. तीन माणसं कुठे उभी होती ते अजून दिसतं.

१७ जानेवारी १९३८

पुडकं न घेता परत दिलं. खिडकीतला म्हणाला, चौकशी कर, पुढच्या महिन्यात ये.

२० फेब्रुवारी

आज चौकशी झाली. खिडकीतल्या माणसाने यादीवर बोट फिरवलं, मार्कोचं नाव सापडलं. मला बरं वाटलं. यादीत नाव आहे, बाजूला क्रमांक आहे. ज्याला क्रमांक आहे ते हरवत नाही.

तो म्हणाला, "दहा वर्षं. दूरच्या छावणीत. पत्रव्यवहाराचा अधिकार नाही. पुढचा."

मी विचारलं, "कोणत्या छावणीत?"

"पुढचा!"

मागच्या बाईने माझा हात धरून मला रांगेबाहेर काढलं. तिचा चेहरा कसनुसा झाला होता. मी म्हटलं, "दहा वर्षं म्हणजे अठ्ठेचाळीस साल. तेव्हा तो त्रेपन्नाचा असेल. काही म्हातारा नाही." तिने छातीवर हळूच क्रूसाची खूण केली आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

सगळ्या वाटेने हिशेब करत आलो. मी ऐंशीचा होईन, धरला जीव तर भेट होईल. पत्र पाठवता येत नाही तर नाही. मी महिन्याला एक लिहीन आणि क्रमांक घालून कपाटात ठेवीन. आला की एकदम देईन. टवक्याबद्दलही लिहीन, सगळं, व्यवस्थित.

घरी आलो. पारास्काला खिडकीतल्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिने दोनदा वदवून घेतलं.

"पत्र नाही?"

"अधिकार नाही म्हणाला."

"आणि पुडकं?"

"तेही घेत नाहीत."

ती उठली. मला वाटलं, चूल बघायला. मी कोट काढला, शाई काढली, पहिलं पत्र लिहायला बसलो. 'प्रिय मार्को, शेगडी रोज पेटवतो' एवढं लिहून झालं होतं तेव्हा मधाचा वास आला.

तिने टेबलावर वाडगा ठेवला. शिजवलेले गहू, वर मध. बाजूला दोन चमचे.

मी म्हटलं, "आज कबरींचा रविवार नाही."

तिने वाडगा माझ्याकडे सरकवला.

"अगं, तो माणूस म्हणाला, दहा वर्षं. यादीत नाव आहे. मी स्वतः बघितलं."

तिने माझ्या हातातला टाक काढून घेतला आणि चमचा दिला. मग स्वतः तीन चमचे खाल्ले, डोळे मिटून, आणि बसून राहिली.

मी बराच वेळ वाडग्याकडे बघत होतो. बाहेर उजेड होता, कुणीतरी बर्फ ओढत होतं.

मग मी खाल्ले. तीन.